पहिलं पान फुकट

मित्रांनो, जुनी असले म्हणून काय झालं, मिनिटाला बारा पानं अजून काढते मी! ग्रंथालयाच्या जिन्याखाली, पिण्याच्या पाण्याच्या नळाअलीकडे जी झेरॉक्स मशीन गुरगुरत असते ना, तीच मी. माझा रंग मूळचा पांढरा होता, यावर आता कुणाचा विश्वास बसत नाही. डाव्या अंगाचं दार नीट लागत नाही, म्हणून त्याला दोरी बांधली आहे. शेजारी दोन वर्षांपूर्वी आलेली नवी मशीन उभी असते. ती आवाज करत नाही, तापत नाही, कागद खात नाही. गुणी आहे बिचारी. पण सांगण्यासारखी गोष्ट माझ्याकडे आहे, तिच्याकडे अजून नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका बाईनं माझ्या पोटात शेवटचा स्क्रू पिळला आणि मला तपासणीवाल्याच्या हवाली केलं. त्यानं चौकटी-चौकटींचा एक कागद माझ्या काचेवर ठेवला, बटण दाबलं आणि बाहेर आलेली प्रत मूळ कागदाशेजारी धरून बराच वेळ निरखली. मग म्हणाला, "अगदी मुळासारखी आलीय." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. तेव्हापासून मी एक गाठ मनाशी बांधली, की आपण नक्कल करणार हे खरं, पण मुळाला विसरून नाही करणार.

तिथून खोक्यात बसून मी या जिन्याखाली आले आणि मावशींच्या हाती पडले. मला चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशीच म्हणतात. विद्यार्थी म्हणतात, प्राध्यापक म्हणतात, वरच्या मजल्यावरचे ग्रंथपाल म्हणतात. एकदा तर काठी टेकत आलेले एक निवृत्त न्यायाधीश, मावशींहून चांगले वीस वर्षांनी मोठे, तेही "मावशी, दोन प्रती द्या" म्हणाले. मावशी नुसत्या हसल्या. त्यांना लोकांची नावं लक्षात राहत नाहीत, म्हणून त्या आपल्या मनानं ठेवतात. मला त्या 'म्हातारी' म्हणतात. मी नवी होते तेव्हाही म्हातारीच म्हणायच्या, कारण मी सुरू होताना खोकते.

मावशींचा एक नियम आहे. कुणीही पुस्तक घेऊन आलं, की आधी त्याचं पहिलं पान काढायचं. ज्यावर पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, कुणी छापलं, कधी छापलं हे असतं, ते पान. मग तुम्हाला हवी ती पानं. त्या पहिल्या पानाचे पैसे त्या घेत नाहीत. हा नियम लागला माझ्या पहिल्याच वर्षी. एक शिकाऊ परिचारिका चाळीस पानांचा गठ्ठा घेऊन परत आली आणि विचारू लागली, "मावशी, हे मी कुठल्या पुस्तकातून काढलं होतं हो?" मावशींना काय ठाऊक! पोरगी तिथंच पायरीवर बसून रडली. मावशींच्या ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवसापासून पहिलं पान सुरू झालं.

"दारात पाहुणा आला की आपण आधी विचारतो ना, कुठून आलात म्हणून? मग पुस्तकातून आलेल्याला नको विचारायला?" असं त्या म्हणायच्या. कुणी हसलं की म्हणायच्या, "हसा! नक्कल करायलाही अक्कल लागते."

आता माझे दोषही सांगून टाकते, लपवून काय उपयोग? एकदा कुणाच्या तरी अंगठीनं माझ्या काचेवर वीतभर ओरखडा पडला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रतीवर उजव्या कडेला केसाएवढी एक रेघ उमटते. दुसरा दोष त्याहून वाईट आहे. पुस्तक नीट सरकवून ठेवलं नाही, तर खालची बोटभर पट्टी माझ्याकडून निसटते, आणि पुष्कळ पुस्तकांत पानाचा आकडा नेमका तिथंच असतो. म्हणजे मजकूर येतो, पण पान कितवं ते येत नाही. किती जणांची पंचाईत केली असेल मी! तेव्हा मला त्याचं काही वाटत नसे. पुढे वाटलं.

ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. परीक्षा जवळ आली की रांग नळापर्यंत जायची. "मावशी, आधी माझं, माझं!" असा गलका व्हायचा. हिवाळ्यात तर पोरं माझ्या पाठीशी हात शेकत उभी राहायची. मग दोन वर्षांपूर्वी नवी आली आणि रांग तिच्याकडे वळली. सुटं एखादं पान असलं, की ते माझ्या वाट्याला. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, वाटलंच. पण मावशी स्वतःची खुर्ची मात्र माझ्याच बाजूला ठेवून होत्या.

मावशींची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळं झालं. बिघडलेली किंवा नको असलेली प्रत त्या फेकत नाहीत. पट्टी लावून तिचे चार तुकडे करतात, आणि मागची कोरी बाजू चिठ्ठ्यांना वापरतात. या चिठ्ठ्या चपलांच्या एका रिकाम्या खोक्यात भरलेल्या असतात. कुणाला पत्ता लिहून द्या, कुणाला निरोप द्या, सगळं त्यावर. माझ्या डोक्यावरच्या खिळ्याला दोऱ्यानं लटकणारी पाटीही तसल्याच एका तुकड्याची. तिच्यावर मावशींनी जाड पेनानं लिहिलं आहे: 'जेवायला गेले आहे. येतेच.' मावशी जेवायला निघाल्या की ती पाटी सुलटी करतात, आल्या की उलटी.

आता ऐका. गेल्या वर्षीची गोष्ट. धांदल नावाची एक मुलगी आमच्याकडे यायची. नाव अर्थातच मावशींनी ठेवलेलं. एका बुटाची नाडी कायम सुटलेली, पेन केसांत खोचलेलं आणि ते पेन शोधत सगळी पिशवी जमिनीवर उपडी केलेली. शेवटच्या वर्षाला होती. तिचा संशोधनाचा प्रकल्प होता शहरातल्या चिमण्यांवर: त्या घरटी कुठे करतात, आणि पूर्वीपेक्षा किती कमी झाल्यात. पोरगी मोठी मेहनती. चार महिने रोज सकाळी मान वर करून दिव्यांचे खांब, दुकानांच्या पाट्या आणि पन्हळी बघत हिंडली होती. मान आखडली तर गळपट्टा लावून हिंडली.

एका संध्याकाळी, नवी मशीन दुसऱ्या कामात गुंतली असताना, ती अकरा पुस्तकांचा ढीग घेऊन धापा टाकत आली.

"मावशी, पटकन! यातली सहा पानं, यातली दहा, यातली खूण केलेली. माझी शेवटची बस आहे."

"आधी पहिलं पान," मावशी म्हणाल्या.

"नको हो मावशी! वेळ नाही. मला ठाऊक आहे सगळं कुठलं आहे ते."

ढिगात सगळ्यात वर एक पातळ चोपडी होती. तिचं पहिलं पान मावशींनी तोवर माझ्यातून काढलंही होतं. मुलगी नको म्हणते म्हटल्यावर त्यांनी ते बाजूला टाकलं आणि तिला आतली सहा पानं दिली. बाकीच्या पुस्तकांची पहिली पानं काढलीच नाहीत. घाईत चोपडी वाकडी ठेवली होती, त्यामुळं सहाही पानांचे आकडे माझ्याकडून निसटले. धांदल गेली. 'मला ठाऊक आहे' हे शब्द मी आजवर हजार वेळा ऐकले आहेत, आणि म्हणणाऱ्याला महिन्याभरानं काही म्हणजे काही ठाऊक नसतं.

सहा महिने गेले. एका मंगळवारी दुपारी तिच्या मार्गदर्शक बाई स्वतःचे कागद काढायला आल्या, आणि मागोमाग धांदल आली. बाई स्वभावानं प्रेमळ, पण कामात कडक. त्यांच्या हातात तिच्या प्रकल्पाचा कच्चा मसुदा होता.

"चौथा धडा वाचला," बाई म्हणाल्या. "तू म्हणतेस, या बारा गल्ल्यांत पूर्वी चारशे बारा घरटी होती, आता सत्त्याण्णव आहेत. सत्त्याण्णव तू मोजलीस. चारशे बारा कुणी मोजली?"

"बाई, माझ्याकडे पानं आहेत त्याची." तिनं ती सहा पानं पुढं केली.

"पानं झाडालाही असतात. पुस्तक कुठलं? कुणी लिहिलं? कधीचं?"

"तीसेक वर्षांपूर्वीचं असेल."

"असेल? वीस का नाही? पन्नास का नाही? अगं, तुझा सगळा प्रकल्प या एका आकड्यावर उभा आहे, आणि तो कुणी सांगितला हेच तुला सांगता येत नाही. मी तरी कसा मान्य करू?"

धांदलचा चेहरा उतरला. अकरा पुस्तकं आठवून आठवून तिनं पुन्हा शोधली होती. दहा सापडली, त्यांची नोंद तिनं नीट करूनही टाकली होती. अकरावं मात्र, जे तेव्हा कुणीतरी वाचनाच्या टेबलावर विसरलेलं म्हणून सहज हाती लागलं होतं, काही केल्या मिळेना. चिमण्या, पक्षी, शहर अशा सगळ्या विषयांची कपाटं तिनं पालथी घातली होती.

"शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मूळ आणून दाखव," बाई म्हणाल्या, "नाहीतर चौथा धडा काढावा लागेल. आणि तो काढला तर उरतं काय, ते तुलाही कळतंय."

उरत काहीच नव्हतं. प्रकल्प नापास म्हणजे सगळं वर्ष पुन्हा. आणि पहिल्या तारखेला तिला पक्षीनोंदणीच्या कामावर रुजू व्हायचं होतं. तशी नोकरी ठरली होती, आईला सांगून झालं होतं, आईचं सगळ्या आत्या-मामांना सांगून झालं होतं. बाई गेल्यावर ती माझ्या अंगाला टेकून उभी राहिली.  आणि मित्रांनो, मला ठाऊक होतं. ते नको म्हटलेलं पहिलं पान कुठं आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण मला तोंड आहे ते फक्त कागद बाहेर टाकायला.

बुधवारी तिच्याबरोबर तिची मैत्रीण आली. हिचं नाव मावशींनी 'चालतंय' ठेवलं होतं, कारण कशालाही तिचं उत्तर तेच.

"एवढं काय डोक्याला लावून घेतेस?" चालतंय म्हणाली. "मागच्या वर्षीच्या एका प्रकल्पात चिमण्यांचं एक पुस्तक दिलंय, पान दोनशे बारा. तेच दे ठोकून. कोण बघायला जातंय?"

धांदल वर जाऊन ते पुस्तक घेऊन आली. उघडून बघते तर पुस्तकाची पानंच एकशे ऐंशी!

"मग एकशे बारा लिही," चालतंय म्हणाली. "चालतंय!"

आणि मित्रांनो, धांदलनं पेन्सिलीनं ते संदर्भांच्या यादीत लिहिलं हो! माणूस बुडायला लागला की काडीही धरतो. गुरुवारी दुपारी त्या यादीची प्रत काढायला ती मावशींकडे आली. तिची मान खाली होती. मावशींनी चष्मा नाकावर घेतला आणि यादी वाचली. एवढ्या वर्षांत त्यांनी इतक्या याद्या माझ्यातून काढल्या आहेत, की कुठं पाणी मुरतंय ते त्यांना वासावरून कळतं.

"हे पुस्तक तू वाचलंस?"

"पाहिलं."

"त्यात तुझा चारशे बारा आहे?"

"नाही."

"मग या बिचाऱ्या पुस्तकाच्या गळ्यात का बांधतेस? त्यानं काय घोडं मारलंय तुझं?"

धांदलच्या डोळ्यांत पाणी आलं. "मावशी, मी खोटं काहीच केलं नाहीय हो. आकडा खरा आहे. पान खरं आहे. फक्त कुणाचं आहे ते आठवत नाही. मी काय करू?"

मावशींनी ती सहा पानं मागून घेतली. खिडकीच्या उजेडात धरली आणि एकदम म्हणाल्या, "अगं, ही रेघ बघ! ही तर आमच्या म्हातारीची रेघ!"

त्या क्षणी मला माझ्या ओरखड्याचा जो अभिमान वाटला, तो काय सांगू! ज्या रेघेपायी मी जन्मभर बोलणी खाल्ली, ती आज कामाला आली.

"हे इथं काढलंय ना? मग पहिलं पान मी काढलं असणारच," मावशी म्हणाल्या. "हात आपोआप जातो माझा. तू नको म्हणाली असशील, तर ते गेलं चिठ्ठ्यांत." आणि त्यांनी चपलांचं खोकं जमिनीवर उपडं केलं.

दोघी फरशीवर मांडी घालून बसल्या. शेकड्यानं चिठ्ठ्या. एकावर अर्धा तक्ता, एकावर कुणाच्या तरी सासूच्या पेन्शनचा अर्ज. तासाभरानं एक तुकडा मिळाला: 'आमच्या वाटेवरील चिम' इतकंच. पुढचं कापलेलं. मग दुसरा: 'संकलन: फेरी क्रमांक बाराचा'. बस्स. वरचा उजवा तुकडा कुणाच्या तरी खिशात पत्ता बनून गेला असावा, तो मिळालाच नाही. आणि खालचा उजवा, ज्यावर कुणी छापलं आणि कधी छापलं ते असतं, तोही मिळेना.

"फेरी क्रमांक बारा म्हणजे काय?" धांदल रडवेली होऊन म्हणाली. "बस की काय?"

"आधी चार घास खाऊन येते, मग बघू," मावशी म्हणाल्या. उपाशीपोटी त्यांचं डोकं चालत नाही. उठल्या, पाटी सुलटी केली: 'जेवायला गेले आहे. येतेच.' धांदल तिथंच भिंतीला टेकून बसून राहिली. मी मनातल्या मनात आक्रोश करत होते, की अगं पोरी, वर बघ! चार महिने दिव्यांच्या खांबांकडे वर बघत हिंडलीस, आता एकदा माझ्या डोक्यावर बघ! पण चिठ्ठ्यांवरून तिची नजर हलेना.

वीस मिनिटांनी मावशी आल्या, हात पुसला आणि सवयीनं पाटी उलटी केली. दोऱ्याला गिरकी घेऊन ती थांबली. नेमकी तेव्हा धांदलनं मान वर केली.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "त्या पाटीच्या मागे काय छापलंय?"

पाटीच्या मागे छापलं होतं: 'पोस्टमन. प्रकाशक: टपाल कर्मचारी मंडळ.' आणि खाली साल. सहा महिने, मावशी जागेवर असल्या की, ती छापील बाजू सगळ्या रांगेकडे तोंड करून लटकत होती. शेकडो जणांनी ती पाहिली असेल. धांदल स्वतः तिच्यासमोर किती वेळा उभी राहिली होती! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

धांदलनं मावशींना अशी काही मिठी मारली की चष्माच पडला. "मावशी, ही पाटी मला द्या!"

"अजिबात नाही. ती माझी आहे," मावशी म्हणाल्या. "तुला हवी तर झेरॉक्स घे."

मग तिन्ही तुकड्यांची प्रत मीच काढून दिली. ती घेऊन धांदल दोन-दोन पायऱ्या गाळत वर गेली. ग्रंथपालांनी कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. चोपडी टपाल खात्याच्या नियमावल्यांत ठेवली होती, कारण छापणारे टपालवाले! पक्ष्यांत शोधून ती जन्मात मिळाली नसती.

धांदल ती चोपडी छातीशी धरून खाली आली आणि मावशींना मोठ्यानं वाचून दाखवू लागली, म्हणून मलाही ऐकायला मिळालं. फेरी क्रमांक बाराच्या पोस्टमननं स्वतःचं नाव कुठंच घातलं नव्हतं. सुरुवातीला त्यानं लिहिलं होतं, 'पत्रे टाकताना दाराकडे बघावे लागते, पण दार उघडेपर्यंत वर बघायला कोणी हरकत घेत नाही. असे वर बघत दोन वर्षे मोजणी केली. मोजण्यात चूक असल्यास ती माझी, चिमण्यांची नव्हे.'

मग धांदलनं सालाचा हिशेब केला. चोपडी तीस नव्हे, एक्केचाळीस वर्षांपूर्वीची होती. म्हणजे तिनं मसुद्यात लिहिलेलं 'तीस वर्षांत' चूक होतं. "बाई विचारत होत्या ते याचसाठी," ती म्हणाली. मग तिनं पेन केसांतून काढलं, पेन्सिलीनं लिहिलेलं ते खोटं पुस्तक खोडलं आणि सावकाश, एक-एक अक्षर चोपडीशी ताडून, खरी नोंद लिहिली. निसटलेले आकडेही मुळात बघून भरले: पान नऊ ते चौदा. तिला इतकं सावकाश काही करताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

शुक्रवारी बाई आल्या. त्यांनी चोपडी उघडून नऊ ते चौदा पानं तपासली, चारशे बारावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आता कळलं, हा आकडा कोण बोलतंय ते." मग यादी बघून विचारलं, "लेखक म्हणून 'फेरी क्रमांक बाराचा पोस्टमन' एवढंच?"

"चोपडीवर तेवढंच आहे बाई. मी माझ्या मनानं कसं वाढवू?"

बाईंना ते फार आवडलं, हे त्यांच्या भुवयांवरून कळलं. मग त्यांची नजर पानाच्या तळाशी गेली. तिथं धांदलनं तळटीप दिली होती: 'मूळ पुस्तिकेचा शोध ग्रंथालयाच्या जिन्याखालील मावशींनी ठेवलेल्या कागदांवरून आणि त्यांच्या जुन्या मशीनच्या रेघेवरून लागला.'

"ही कशाला?" बाईंनी विचारलं.

"जे ज्याचं, ते त्याला," धांदल म्हणाली. बाईंनी ती तळटीप राहू दिली.

पक्क्या प्रती काढताना धांदलनं मुद्दाम ते पान माझ्याकडे दिलं. मित्रांनो, आयुष्यभर मी लाखो पानं काढली, पण माझ्याबद्दलची ओळ असलेलं पान ते पहिलंच. पान बाहेर आलं तेव्हा त्या तळटिपेला लागूनच, उजव्या कडेला, माझी रेघ उमटली होती. धांदल हसली, आणि हसता हसता तिनं माझ्या झाकणावरची धूळ बाहीनं पुसली. ती पास झाली. आता पक्षी मोजते, आणि त्याचा पगारही घेते.

मी म्हातारी तुम्हाला एवढंच विनवते. काचेवर पुस्तक ठेवण्याआधी अंगठी काढा, मला आणखी ओरखडे नकोत. माझ्याकडून पानाचा आकडा निसटला, तर तिथल्या तिथं पेन्सिलीनं लिहून ठेवा. उघडून पाहिलं नाही ते पुस्तक यादीत घालू नका. दुसऱ्याचं घ्या, खुशाल घ्या, त्यावरच तर माझं पोट चालतं! पण घेताना कुणाचं ते सांगा. कुणीतरी मान दुखेपर्यंत वर बघून ते मोजलेलं असतं.

गेल्याच महिन्यात एक नवा विद्यार्थी आला. नवी मशीन बंद होती, म्हणून नाइलाजानं माझ्याकडे. त्याच्या हातात एक बांधीव प्रकल्प होता, शहरातल्या चिमण्यांवरचा. त्याला चौथा धडा हवा होता. मावशींनी सवयीनं पहिलं पान काढलं. वर प्रकल्पाचं नाव, खाली धांदलचं खरं नाव, साल, सगळं स्वच्छ. कडेला माझी रेघ.

"पहिलं पान नको मावशी," तो घाईघाईनं म्हणाला. "मला ठाऊक आहे कुठलं आहे ते."

मावशींनी, जेवायची वेळ नसतानाही, माझ्या डोक्यावरची पाटी सुलटी केली आणि म्हणाल्या, "बस इथं. तुला एक गोष्ट सांगते."